विश्लेषण : सर्व्हरचे ‘स्नॅपशॉट’ घ्यायला एक सेकंद, पण कोणते पुसायचे, हे कोण ठरवणार?

डिस्कवरील माहितीचे क्षणचित्र टिपण्याची सोय आता छोट्या कार्यालयांतील साठवण-पेट्यांतही आली आहे. त्या भरवशावर ‘आमच्याकडे बॅकअप आहे’ असे बिनधास्त सांगितले जाते. हे क्षणचित्र नेमके काय वाचवते, जागा कशी खाते आणि त्याची निगा राखण्याचे काम एकट्या ‘कॉम्प्युटरवाल्या’वर का सोडू नये, याविषयी...

प्रोग्रामर मंडळींचा कोड सांभाळणाऱ्या ‘गिटलॅब’ या सेवेच्या एका अभियंत्याने ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री चुकीच्या सर्व्हरवर एक कमांड चालवली. रिकामे करायचे होते दुय्यम डेटाबेसचे फोल्डर, रिकामे होऊ लागले मुख्य डेटाबेसचे. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि कमांड थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते.

असे कोणत्याही कार्यालयात घडू शकते. गिटलॅबकडे बॅकअपच्या एक सोडून अनेक सोयी होत्या. एकेक उघडून पाहिली, तेव्हा त्यातली एकही धड निघाली नाही. डेटाबेसची रोजची प्रत जिथे साठायला हवी होती ती जागा रिकामी होती, कारण प्रत काढणारे सॉफ्टवेअर ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ आवृत्तीचा. रोज रात्री प्रत काढण्याचा प्रयत्न फसत होता. फसल्याची सूचना देणारे ईमेल निघतही होते. पण पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही म्हणून समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. क्लाउड पुरवठादाराकडून मिळणारे डिस्क स्नॅपशॉट फाइलींच्या सर्व्हरसाठी सुरू होते, डेटाबेसच्या सर्व्हरसाठी नव्हते.

वाचवले ते एका वेगळ्याच स्नॅपशॉटने. चाचणीच्या सर्व्हरवर ताजा डेटा हवा म्हणून अपघाताच्या सुमारे ६ तास आधी एका अभियंत्याने तो हाताने घेतला होता. एरवी तो २४ तासांतून एकदाच घेतला जाई. चाचणीचा सर्व्हर संथ डिस्कवर असल्याने तेथून डेटा परत आणायला बरेच तास गेले, आणि हे सारे काम कंपनीने यूट्यूबवर थेट दाखवले. अखेरचा हिशेब असा : मधल्या तासांतले सुमारे ५ हजार प्रकल्प, तितक्याच प्रतिक्रिया आणि सुमारे ७०० नव्या वापरकर्त्यांची खाती यांना फटका बसला. कोड स्वतः वेगळ्या सर्व्हरवर असल्याने शाबूत राहिला. कंपनीने पुढे सगळा तपशील न लपवता प्रसिद्ध केला, म्हणून तो आज लिहिता येतो. आपल्याकडे असे किती जण करतात, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

स्नॅपशॉट म्हणजे नेमके काय?

तलाठ्याच्या दप्तरात फेरफार झाला की सातबाऱ्यावरचे जुने नाव खरवडून काढत नाहीत. त्याला कंस होतो आणि नवी नोंद होते. जुना कागद हातात असेल तर अमुक तारखेला जमीन कोणाच्या नावावर होती, हे कळते. आधुनिक फाइल सिस्टीम साधारण याच पद्धतीने लिहितात. फाइलमधला मजकूर बदलला की जुन्या जागेवर नवे गिरवले जात नाही. नवा मजकूर डिस्कवर दुसऱ्या मोकळ्या जागी लिहिला जातो आणि ‘ही फाइल कुठे आहे’ सांगणारी सूची नव्या जागेकडे वळवली जाते. जुनी जागा नंतर मोकळी म्हणून वापरात येते.

स्नॅपशॉट घेणे म्हणजे या सूचीची त्या क्षणाची प्रत जपून ठेवणे आणि ‘यात ज्या जागांची नोंद आहे, त्यांना हात लावायचा नाही’ असे डिस्कला बजावणे. काहीच कॉपी होत नसल्याने एक टेराबाइटचा स्नॅपशॉटही सेकंदभरात होतो आणि सुरुवातीला जवळपास शून्य जागा घेतो. ही कल्पना जुनी आहे. नेटअ‍ॅप कंपनीने १९९४ मध्ये आपल्या ‘वाफल’ फाइल सिस्टीमविषयी निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात एकाच वेळी २० स्नॅपशॉट ठेवता येत होते. सन मायक्रोसिस्टिम्सची ‘झेडएफएस’ २००५ मध्ये मुक्त स्रोत झाली आणि ‘बीटीआरएफएस’ २००९ मध्ये लिनक्समध्ये आली. आज डॉक्टर, सीए किंवा लग्नाचे फोटो काढणारे ज्या ‘नॅस’ पेट्या घेतात, त्यांतल्या बऱ्याच पेट्यांत यांपैकीच एखादी असते आणि स्नॅपशॉटचे बटणही असते.

वीसची मर्यादा होती तेव्हा कोणता ठेवायचा आणि कोणता काढायचा, याचा विचार करणे भाग होते. आता व्यवहारात मर्यादाच उरलेली नाही. बटण दाबायला पैसे पडत नाहीत, वेळ लागत नाही. म्हणून ते दाबले जाते, आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

फाइल पुसली, तरी जागा का मिळत नाही?

एखाद्या संस्थेच्या सर्व्हरची डिस्क ९५ टक्के भरते. कोणीतरी जुन्या कार्यक्रमांचे २०० जीबीचे व्हिडीओ काढून टाकतो. डिस्क तरीही ९५ टक्केच दिसते. नवख्याला हा भुताटकीचा प्रकार वाटतो. कारण साधे असते : गेल्या महिन्याच्या स्नॅपशॉटांच्या सूचीत ते व्हिडीओ अजून आहेत आणि जोवर त्यांची नोंद असलेला एकही स्नॅपशॉट शिल्लक आहे, तोवर ती जागा मोकळी होणार नाही. पुसलेली फाइल परत मिळावी म्हणूनच तर तो घेतला होता.

हिशेब मांडला तर तो फार भीतिदायक नसतो. समजा, एक टेराबाइट माहिती आहे आणि रोज त्यातली १० जीबी बदलते. रोजचा एक याप्रमाणे ३० दिवसांचे स्नॅपशॉट ठेवले तर अंदाजे ३०० जीबी जादा लागतील. दोन-तीन टेराबाइटच्या डिस्कवर हे सहज बसते. गणित बिघडते ते त्याच डिस्कवर सतत खदखदणाऱ्या गोष्टी ठेवल्या की. सीसीटीव्हीचे चित्रण, मोठ्या लॉग फाइली, रोज नव्याने काढलेली डेटाबेसची अख्खी प्रत, सॉफ्टवेअरची तात्पुरती कचरापेटी यांतले काहीही परत मिळवायची गरज सहसा पडत नाही. पण त्यांचा प्रत्येक जुना अवतार स्नॅपशॉट इमानेइतबारे जपत राहतो. म्हणून अशा गोष्टी पहिल्याच दिवशी वेगळ्या विभागात टाकाव्यात आणि त्या विभागाला स्नॅपशॉटच्या वेळापत्रकातून वगळावे. हे नंतर करायला गेले की त्रास होतो, कारण जुना भार महिनाभर तसाच डोक्यावर बसतो.

याहून चकवणारी गोष्ट म्हणजे स्नॅपशॉटच्या यादीत प्रत्येकापुढे दिसणारा आकडा. झेडएफएसमध्ये ‘वापरलेली जागा’ म्हणून जो आकडा येतो, तो फक्त त्या एका स्नॅपशॉटमध्येच असलेल्या मजकुराचा असतो. वरचे २०० जीबी व्हिडीओ दहा स्नॅपशॉटांत सामायिक असतील, तर ते दहापैकी एकाच्याही खात्यावर दिसत नाहीत. एकत्र कुटुंबातल्या जमिनीसारखे : प्रत्येकाच्या स्वतंत्र नावावर शून्य, सगळ्यांच्या मिळून पाच एकर. त्यामुळे ‘सगळ्यात मोठा दिसतो तो काढू’ असे म्हणून एकेक काढत गेले तर हाती फारसे काही लागत नाही, आणि नववा काढून झाल्यावर दहाव्याच्या वेळी एकदम २०० जीबी मोकळे होतात. तोवर घाबरून नऊ कामाचे स्नॅपशॉट गेलेले असतात. एकूण स्नॅपशॉटांनी मिळून किती जागा धरली आहे, हे दाखवणारा वेगळा आकडा असतो. तसेच अमुक ते अमुक स्नॅपशॉट काढले तर किती जागा सुटेल, हे प्रत्यक्ष न पुसता आधी विचारण्याची सोयही असते. दोन्ही गोष्टी पुस्तिकेत लिहिलेल्या आहेत. डिस्क ९५ टक्के भरलेली असताना पुस्तिका उघडायला मात्र कोणाला सुचत नाही.

लिनक्समधल्या जुन्या ‘एलव्हीएम’ पद्धतीत वेगळाच सापळा आहे. तिथे स्नॅपशॉटसाठी जागा आधीच राखून ठेवावी लागते आणि ती पुरती भरली की स्नॅपशॉट बाद होतो. गाजावाजा न करता बाद होतो. आठवडाभराने गरज पडेल तेव्हाच ते कळते.

किती ठेवायचे?

याचे तयार उत्तर अनेक साधनांत असते. झेडएफएससाठी लोकप्रिय असलेल्या ‘सॅनॉइड’ या मोफत साधनाचा नमुना पाहावा : तासातासाचे ३६, रोजचे ३०, महिन्याचे ३. म्हणजे कधीही पाहिले तर ६९ स्नॅपशॉट. जवळच्या भूतकाळाचे बारीक तपशील आणि लांबच्या भूतकाळाचे मोजके टप्पे, असा हा विचार आहे आणि तो शहाणपणाचा आहे. सकाळी चुकून पुसलेली फाइल दुपारी परत मिळते. दोन महिन्यांपूर्वी बिघडलेली एक्सेल शीट कोणाच्या आज लक्षात आली, तर तिचीही एखादी जुनी आवृत्ती सापडते.

मात्र नमुना हा नमुना असतो. महाविद्यालयात प्रवेशाच्या आठवड्यात दर १५ मिनिटांनी स्नॅपशॉट घेणे योग्य ठरेल, मेच्या सुट्टीत दिवसातून एक पुरेल. पतसंस्थेला ३१ मार्चचा स्नॅपशॉट वर्षभर जपावासा वाटेल. दवाखान्यात तासाभराच्या नोंदी गेल्या तर काय होईल, याचे उत्तर डॉक्टरच देऊ शकतात. सर्व्हर सांभाळणारा मुलगा ते अंदाजाने ठरवतो, कारण त्याला कोणी सांगितलेलेच नसते. या विषयातला मुख्य आक्षेप हाच आहे. किती तासांचे काम बुडाले तर चालेल आणि किती जुने परत लागू शकते, हे दोन्ही निर्णय कामकाजाचे आहेत, तंत्राचे नाहीत. ते संस्थाचालकांनी, मुख्याध्यापकांनी, व्यवस्थापकांनी घ्यायचे आणि लिहून द्यायचे असतात. वेळापत्रक बसवणे हे त्यानंतरचे दहा मिनिटांचे काम आहे.

वेळापत्रकाने घेतलेले स्नॅपशॉट वेळापत्रकानेच जातात. अडगळ होते ती हाताने घेतलेल्यांची. ‘अपडेटपूर्वी’, ‘टेस्ट’, ‘टेस्ट-२’, ‘काढू-नका’ अशा नावांचे स्नॅपशॉट दोन वर्षांनंतरही जागा अडवून बसलेले असतात. घेणारा नोकरी सोडून गेलेला असतो आणि मागे राहिलेल्याला ते काढायचे धाडस होत नाही. यावर उपाय अगदी कारकुनी आहे. हाताने घेतलेल्या प्रत्येक स्नॅपशॉटच्या नावात घेणाऱ्याचे नाव आणि मुदत असावी. मुदत नसलेला दिसला की पंधरवड्याची नोटीस देऊन तो काढावा. खरोखर जपायचा असेल त्याला झेडएफएसमध्ये ‘होल्ड’ लावता येतो. तो हटवल्याशिवाय पुसण्याची कमांड चालत नाही.

डेटाबेसबाबत एक सावधगिरी. चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे मध्येच वीज गेल्यावर डिस्कवर जे उरेल तसे चित्र. पोस्टग्रेससारखे डेटाबेस त्यातून स्वतःला सावरू शकतात, पण माहिती आणि तिचे बदल नोंदवणारे लॉग दोन्ही एकाच क्षणी टिपलेले असतील तरच. ते दोन वेगळ्या डिस्कवर ठेवून वेगवेगळ्या वेळी टिपले, तर चित्र जुळेलच असे नाही.

पुसणारी स्क्रिप्टच उलटली तर?

क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकाच्या साठवणीवर डिसेंबर २०२१ मध्ये असेच घडले. बॅकअपच्या व्यवस्थेत १० दिवसांहून जुन्या लॉग फाइली पुसणारी एक स्क्रिप्ट होती. पुरवठादार कंपनी एचपीईने ती सुधारली आणि जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी नवी ठेवली. मशीनने अर्धी जुनी, अर्धी नवी वाचली. कोणत्या फोल्डरमधले पुसायचे हे सांगणारी जागा रिकामी राहिली आणि लॉगऐवजी संशोधकांच्याच फाइली पुसल्या गेल्या. सुमारे ७७ टेराबाइट, ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधन गट. त्यातल्या चार गटांची माहिती बॅकअपमधूनही परत मिळण्याजोगी नव्हती. कंपनीने जबाबदारी पूर्णपणे स्वीकारली. लक्षात घेण्याजोगे हे की हा व्हायरस नव्हता, हल्ला नव्हता, साफसफाई होती. जुने स्नॅपशॉट काढणारी जी स्क्रिप्ट कार्यालयात कोणीतरी चार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे, ती शेवटची कोणी वाचली, हे विचारायला त्यामुळे हरकत नाही.

स्नॅपशॉट हा बॅकअप आहे का?

नाही. तो त्याच डिस्कवर, त्याच पेटीत, त्याच खोलीत असतो. डिस्क गेली की तोही गेला. दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही साठवण जळाली. तिच्यातल्या ८५८ टेराबाइट माहितीची बाहेर दुसरी प्रत नव्हती. प्रचंड आकारामुळे ती ठेवली गेली नव्हती, असे सांगण्यात आले.

खंडणीखोर सॉफ्टवेअरचा धोका तर वेगळाच. असे सॉफ्टवेअर प्रशासकाचे अधिकार मिळवते आणि फाइलींना कुलूप लावण्याबरोबरच स्नॅपशॉट पुसून टाकते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने विंडोजमधल्या ‘शॅडो कॉपी’ म्हणजे तिथले स्नॅपशॉटच नष्ट केले होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाला मार्च २०२१ मध्ये अशा हल्ल्याचा अनुभव आला. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली; बाह्यरुग्ण विभागाच्या रांगा कितीतरी दिवस कागदावर चालल्या. ई-हॉस्पिटलची माहिती हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाली, असे सरकारने संसदेत सांगितले. ‘वाचलेल्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे.

तो वाचावा यासाठी काय करावे लागते? स्नॅपशॉटांचा एक मोठा फायदा इथे कामी येतो. झेडएफएस किंवा बीटीआरएफएसमध्ये कालचा आणि आजचा स्नॅपशॉट यांतला फरक तेवढा दुसऱ्या मशीनकडे पाठवता येतो. एक टेराबाइटपैकी १० जीबीच बदलले असतील, तर रात्रीतून तेवढेच जाते. तालुक्याच्या गावातल्या साध्या फायबर जोडणीवरही हे जमते. अट एकच, आणि ती सर्रास मोडली जाते : मुख्य सर्व्हरने प्रत ‘ढकलू’ नये, दुसऱ्या मशीनने येऊन ती ‘ओढून’ न्यावी. मुख्य सर्व्हरकडे दुसऱ्या मशीनचा पासवर्ड असेल, तर मुख्य सर्व्हर ज्याच्या ताब्यात गेला त्याच्या ताब्यात दोन्ही गेले. दुसऱ्या मशीनवर किती दिवसांचे स्नॅपशॉट राहतील, हेही तिचे तिनेच ठरवावे. नाहीतर मुख्य सर्व्हरवर पुसलेला स्नॅपशॉट तिकडेही आज्ञाधारकपणे पुसला जातो.

खर्चाची सबब नेहमी पुढे येते. झेडएफएसची मुक्त आवृत्ती फुकट आहे. दुसरे मशीन जुने चालते, डिस्क तेवढ्या नव्या हव्यात. खर्च आहे तो माणसाच्या वेळेचा. निविदेत त्यासाठी रकाना नसतो.

मग निविदेत काय लिहावे?

सध्या बहुतेक ठिकाणी ‘बॅकअप सुविधा समाविष्ट’ अशी ओळ असते. ती निरुपयोगी आहे. गिटलॅबच्या कागदावर अशा पाच ओळी शोभल्या असत्या. त्याऐवजी जास्तीत जास्त किती तासांची माहिती गेली तर चालेल, सेवा किती वेळात पुन्हा सुरू झाली पाहिजे आणि दर तिमाहीला एक जुना स्नॅपशॉट दुसऱ्या मशीनवर उघडून अधिकाऱ्यासमोर त्यातली फाइल दाखवावी लागेल, अशा तीन अटी घालाव्यात. तिसरी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत त्रासदायक. पुरवठादार त्याच अटीवर कुरकुर करतील, हे तिच्या उपयुक्ततेचे प्रमाणपत्र समजावे. कंपन्यांना तर पळवाटच नाही : ऑगस्ट २०२२ मध्ये बदललेल्या नियमानुसार इलेक्ट्रॉनिक हिशेब-वह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे बंधनकारक आहे. त्याच डिस्कवरचा स्नॅपशॉट दाखवून ही अट पूर्ण झाली म्हणणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

उलट बाजूही आहे. काहीच पुसायचे नाही, हे धोरणही आता सुरक्षित राहिलेले नाही. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार ज्या कारणासाठी एखाद्याची माहिती घेतली ते कारण संपले आणि दुसऱ्या कोणत्या कायद्याने ती ठेवणे बंधनकारक नसेल, तर ती पुसावी लागते. एखाद्या विद्यार्थ्याने शाळा सोडली आणि पालकांनी त्याचे आधार, फोटो, पत्ता काढून टाकायला सांगितले. शाळेने चालू नोंदीतून ते काढले. पण दोन वर्षांपूर्वीच्या ‘काढू-नका’ नावाच्या स्नॅपशॉटमध्ये ते सगळे आहेच, आणि स्नॅपशॉट फक्त वाचण्यापुरताच असल्याने त्यातली एकच फाइल वगळता येत नाही; काढायचा तर अख्खा काढावा लागतो. अशा वेळी पालकांना ‘९० दिवसांत आमच्या सर्व प्रतींतून ही माहिती निघून जाईल’ असे लेखी सांगता यायचे असेल, तर सर्वांत जुना स्नॅपशॉट ९० दिवसांचाच आहे, याची खात्री शाळेला आधी करून घ्यावी लागेल.